घरच्या छपरावरील वीज : नाशिक जिल्ह्यातील कुटुंबांसाठी हिशेब व व्यवस्था

शेतकऱ्याच्या घरी विजेची दोन बिले येतात, एक विहिरीवरील पंपाचे व दुसरे राहत्या घराचे. पंपाच्या बिलाचा भार सध्या पुष्कळ अंशी उतरला आहे. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्यात येते. घराच्या मीटरास मात्र ही सवलत नाही. घरात दिवे, पंखे व शीतकपाट आहे, पाण्याच्या टाकीची मोटर आहे, आता घरगुती पिठाची गिरणीही आली आहे, आणि महिन्याचे बिल दोन-अडीच हजारांच्या पुढे जाणारी कुटुंबे निफाड, दिंडोरी, सिन्नर या तालुक्यांत गावोगाव आढळतात. हे बिल छपरावर पडणाऱ्या उन्हाने कमी करता येते. तथापि ते किती कमी होईल आणि त्यासाठी किती खर्च करणे शहाणपणाचे ठरेल, हे सौर पॅनेल विकणाऱ्यास विचारण्यापूर्वी स्वतःच्या बिलास विचारले पाहिजे. प्रस्तुत लेखात मुख्यतः या हिशेबाचाच विचार केला आहे.

उन्हापासून वीज कशी होते

प्रकाशापासून वीज निर्माण होते हे १८३९ साली बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्रथम दाखविले. व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौर घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशशक्तीपैकी सुमारे सहा टक्के शक्तीचीच त्या वेळी वीज होत असे. आज बाजारात मिळणाऱ्या चांगल्या पॅनेलांत हे प्रमाण वीस टक्क्यांहून अधिक आहे. गावात ज्यांना ‘प्लेटा’ म्हणतात ती हीच पॅनेले होत. त्यांतून निघणारी वीज एकदिश असते. इन्व्हर्टर हे यंत्र तिचे घरात वापरावयाच्या प्रत्यावर्ती विजेत रूपांतर करते.

नाशिकच्या हवामानात १ किलोवॅटच्या संचापासून वर्षाला सुमारे १,३०० ते १,४०० युनिटे, म्हणजे महिन्यास सरासरी ११० युनिटे वीज मिळते असे धरण्यास हरकत नाही. त्यासाठी सुमारे शंभर चौरस फूट मोकळी, सावलीरहित जागा लागते. ही सरासरी बाराही महिने सारखी राहत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. फेब्रुवारी ते मे या काळात उत्पन्न भरपूर असते. जुलै-ऑगस्टात ते निम्म्यापर्यंत, क्वचित त्याहूनही खाली येते. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा या पावसाच्या पट्ट्यात ही घट अधिक काळ टिकते, तर येवला, नांदगाव व मालेगाव या पर्जन्यछायेतील तालुक्यांत ती कमी जाणवते. पुष्कळांची अशी समजूत असते की ऊन जितके तापेल तितकी वीज अधिक. ती बरोबर नाही. पॅनेलास प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. त्याचे तापमान पंचवीस अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे उत्पन्न सुमारे एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याने घटते. वैशाखात पॅनेल साठ अंशांपर्यंत तापते व दहा-बारा टक्के वीज अशीच जाते. म्हणून पॅनेले पत्र्यास चिकटवून न बसविता खालून वारा खेळेल इतकी जागा सोडून बसवावीत.

रात्रीच्या विजेचे काय

दिवसा घरातील माणसे शेतावर असतात व वीज लागते ती सायंकाळी. या अडचणीवर तोडगा म्हणून नेट मीटरची पद्धत आहे. दिवसा घरात वापरून उरलेली वीज महावितरणच्या तारेत जाते व तिची नोंद मीटरवर होते. रात्री तारेतून घेतलेली वीज त्यातून वजा होते. एखाद्या महिन्यात आपण दिलेली वीज घेतलेल्या विजेपेक्षा अधिक झाली, तर ती युनिटे पुढील महिन्याच्या खात्यावर ओढली जातात. उन्हाळ्यातील शिल्लक पावसाळ्यात कामी येते ती अशी. मात्र हे खाते आर्थिक वर्षाबरोबर, म्हणजे ३१ मार्च रोजी मिटते. त्या दिवशी शिल्लक राहिलेल्या युनिटांचे पैसे मिळतात. परंतु आपण वीज ज्या दराने विकत घेतो त्या मानाने हा दर बराच कमी असतो. थोडक्यात, आपण न विकत घेतलेले युनिट महाग असते आणि आपण विकलेले युनिट स्वस्त असते. संच किती मोठा घ्यावा याचे उत्तर या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

बिलाचा हिशेब

महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिली १०० युनिटे स्वस्त, १०१ ते ३०० पर्यंतची महाग व त्यापुढची त्याहून महाग, अशी ती रचना आहे. २०२४-२५ या वर्षी महावितरणचा पहिल्या टप्प्याचा दर युनिटास ४ रुपये ७१ पैसे, दुसऱ्या टप्प्याचा १० रुपये २९ पैसे होता. त्यावर वहन आकार युनिटास १ रुपया १७ पैसे, एकेरी जोडणीचा स्थिर आकार महिन्यास १२८ रुपये आणि या सर्वांवर १६ टक्के वीज शुल्क, असे बिल होत असे. त्यानंतर दर बदलले आहेत व पुढेही बदलतील. म्हणून कार्यकर्त्यांनी आकडे ताज्या बिलावरून घ्यावेत, रीत तेवढी येथून घ्यावी.

महिन्यास २५० युनिटे वापरणारे एक कुटुंब घेऊ. वरील दरांनी पहिल्या १०० युनिटांचे ५८८ रुपये, पुढील १५० युनिटांचे १,७१९ रुपये, स्थिर आकार १२८ रुपये व शुल्क मिळून बिल सुमारे २,८२५ रुपये होते. या घरावर १ किलोवॅटचा संच बसविला तर ११० युनिटे कमी होतात, आणि ती सर्व वरच्या, महाग टप्प्यातली असतात. बिल सुमारे १,३६२ रुपयांवर येते, म्हणजे पहिल्या किलोवॅटने महिन्यास १,४६३ रुपये वाचविले. संच २ किलोवॅटचा केला तर बिल सुमारे ३५३ रुपये उरते. दुसऱ्या किलोवॅटने १,००९ रुपये वाचविले, कारण त्याच्या वाट्यास स्वस्त युनिटेही आली. आता कोणी ३ किलोवॅट घेण्याचा आग्रह धरील. त्याने बिल केवळ स्थिर आकारावर, शुल्कासह सुमारे १४८ रुपयांवर येईल खरे, परंतु तिसऱ्या किलोवॅटची कमाई महिन्यास अवघी २०५ रुपये होईल व उरलेली वीज वर्षाअखेर स्वस्तात जाईल.

याच्या जोडीस खर्च मांडावा. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना सुरू केली. तीत पहिल्या दोन किलोवॅटांस प्रत्येकी ३०,००० रुपये व तिसऱ्यास १८,००० रुपये अनुदान आहे. ३ किलोवॅट व त्यावरील संचास ७८,००० रुपयांहून अधिक मिळत नाही. २ किलोवॅटच्या चांगल्या संचास सव्वा लाख रुपये पडले असे धरल्यास अनुदान वजा जाता ६५,००० रुपये घरचे लागतात व वरील बचतीने ते सुमारे सव्वादोन वर्षांत फिटतात. तिसऱ्या किलोवॅटचे मात्र, त्यास ५०,००० रुपये लागले असे धरले, तर अनुदानानंतरचे ३२,००० रुपये फिटण्यास तेरा वर्षे लागतील. शिल्लक युनिटांचे थोडे पैसे येतील, त्याने ही मुदत काहीशी कमी होईल इतकेच. अनुदान आहे म्हणून तीन किलोवॅट घ्यावेत, हा सल्ला ज्याचा वापर महिन्यास तीनशे युनिटांच्या आसपास आहे त्यालाच लागू पडतो.

महिन्यास शंभर युनिटांच्या आत वापर असणाऱ्या घराचे गणित निराळे आहे. ८० युनिटांचे बिल वरील दरांनी सुमारे ६९४ रुपये होते आणि संचाने त्यातील जास्तीत जास्त ५४६ रुपये वाचतात. केवळ केंद्राच्या अनुदानावर अशा घराचा खर्च फिटण्यास सुमारे तीन वर्षे लागतात. ही अडचण ओळखून राज्य शासनाने २०२५ साली स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप योजना काढली. तीत १ किलोवॅटच्या संचास केंद्राच्या ३०,००० रुपयांशिवाय राज्याचे अनुदान दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास १७,५०० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकास १५,००० रुपये व इतर अल्पवापराच्या ग्राहकास १०,००० रुपये असे ठेवले आहे. त्यामुळे घरचे अनुक्रमे २,५००, ५,००० व १०,००० रुपयेच लागतात. पेठ-सुरगाण्याकडील कार्यकर्त्यांनी या योजनेकडे विशेष लक्ष द्यावे. मोठ्या संचांच्या जाहिराती तिकडेही पोहोचतात, पण त्या घरांचे काम एका किलोवॅटने भागते.

संपूर्ण गाव एकत्र आल्यास काय होते याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे सुमारे शंभर घरांचे गाव २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम झाले. तेथे सर्व घरगुती जोडण्यांची गरज छपरावरील विजेतून भागविण्याची व्यवस्था झाली. लहान गावात वापर थोडा असतो, म्हणून लहान लहान संचांवर हे साधते, ही गोष्ट आपल्या वाड्यापाड्यांनी घेण्यासारखी आहे.

संचाआधी करावयाची एक गोष्ट येथेच सांगतो. जुना पंखा ७५ वॅट वीज घेतो, नव्या बीएलडीसी जातीचा पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो. दिवसाचे बारा तास चालणारे तीन पंखे बदलले तर महिन्यास सुमारे ४८ युनिटे वाचतात. म्हणजे जवळजवळ अर्धा किलोवॅट छप्पर न व्यापता मिळाले. तसेच आंघोळीचे पाणी तापविण्यासाठी विजेचा गिझर असेल व निफाडची थंडी सोसवत नसेल, तर त्या कामी उन्हावर पाणी तापविणारा बंब अधिक सरळ उपाय होय. उन्हाची वीज करून त्या विजेने पुन्हा पाणी तापविणे हा लांबचा वळसा आहे.

वीज गेली म्हणजे

या संचाविषयी सर्वांत मोठा अपेक्षाभंग होतो तो येथे. गावातील वीज गेली की छपरावरील संचही बंद पडतो, मग माध्यान्हीचे लख्ख ऊन का असेना. हा यंत्रातील दोष नव्हे. तार तुटली किंवा दुरुस्तीसाठी पुरवठा बंद केला, आणि त्याच वेळी एखाद्या घरातून तारेत वीज येत राहिली, तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. म्हणून तारेत वीज नसेल त्या क्षणी इन्व्हर्टरने थांबावे, असा नियम आहे व यंत्राची रचनाच तशी असते. ही रचना उलटविण्यासाठी कोणी जोडणीत फेरफार करून देतो म्हणाल्यास त्यास छपरावर चढू देऊ नये. पुरवठा गेल्यावरही दिवे-पंखे हवे असतील तर घरातील पूर्वीचा बॅटरीवरील इन्व्हर्टर तसाच ठेवावा. बॅटरीसह चालणारे संच मिळतात, परंतु त्यांची किंमत बरीच वाढते व बॅटरीवर वरील अनुदान नाही.

याच कारणाने मळ्यात राहणाऱ्या कुटुंबांनी विशेष विचार करावा. नाशिक जिल्ह्यात गावठाण सोडून शेतावर वस्ती करून राहण्याची चाल जुनी आहे. अशा वस्तीची जोडणी पुष्कळदा शेतीच्या वाहिनीवर असते व तेथे दिवसाचे काही तास पुरवठा नसतो. जितके तास तार मृत तितके तास उन्हाची वीज वाया. म्हणून सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत आपल्या वस्तीवर वीज किती तास असते, हे पंधरा दिवस वहीत टिपावे व मगच वरील हिशेब करावा. सातांपैकी तीन तास पुरवठा नसेल, तर उत्पन्न ११० ऐवजी ६० ते ६५ युनिटे धरणे योग्य. गावठाणातील घराचा हिशेब पाहून मळ्यातील घरासाठी कर्ज काढणे धोक्याचे आहे.

जागा व सावली

नाशिक सुमारे वीस उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून पॅनेले दक्षिणेस तोंड करून व सुमारे वीस अंश उतार देऊन बसवावीत. जागेची पाहणी मात्र बहुतेक लोक उन्हाळ्यात करतात व तेथेच फसतात. मे महिन्यात दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावर असतो, तेव्हा सावली पायाशी पडते. डिसेंबरात तो माध्यान्हीसही दक्षिणेस कललेला असतो व वीस फूट उंचीच्या झाडाची सावली भर दुपारी उत्तरेस सुमारे एकोणीस फूट पडते, सकाळ-संध्याकाळी त्याहून कितीतरी लांब. घराच्या दक्षिणेस असलेला आंबा, कडुनिंब, पाण्याची उंच टाकी किंवा शेजाऱ्याचा जिना मे महिन्यात निरुपद्रवी वाटतो आणि हिवाळ्यात तीन महिने पॅनेल झाकतो. पॅनेले एका मागे एक जोडलेली असल्यामुळे एकावर पडलेली सावली बाकीच्यांचेही उत्पन्न ओढून खाली आणते. शक्य तर मार्गशीर्ष-पौषात सकाळी नऊ, दुपारी बारा व तीन वाजता छपरावर खडूने सावलीच्या खुणा कराव्यात.

सिमेंटच्या स्लॅबवर बसविणे सर्वांत सोपे. पत्र्याच्या छपरावर बसविता येते, परंतु खालच्या कैच्या व पर्लिन मजबूत आहेत की नाहीत हे पाहावे. एक मोठे पॅनेल सुमारे अठ्ठावीस किलोंचे असते व २ किलोवॅटास तशी चार लागतात. खरा ताण वजनाचा नसून वाऱ्याचा असतो. वळिवाच्या वावटळीत पॅनेल शिडासारखे उचलले जाते. कौलारू घरावर बसवू नये, त्यापेक्षा गोठ्याचे किंवा अंगणातील शेडचे छप्पर पाहावे. कांद्याच्या चाळीचे छप्पर अनेकांच्या डोळ्यापुढे येते, पण साध्या लाकडी चाळीवर हा भार टाकणे इष्ट नाही.

द्राक्षबागेशेजारी घर असल्यास आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर छाटणीनंतर ब्लोअरने औषधांच्या फवारण्या चालतात व गंधक-मोरचूदाचा पातळ थर पॅनेलांवर बसतो. तो नुसत्या दवाने जात नाही. अशा ठिकाणी आठ-दहा दिवसांनी, इतरत्र पंधरा दिवसांनी, सूर्योदयाच्या सुमारास पॅनेल थंड असताना साध्या पाण्याने व मऊ फडक्याने पुसावे. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर ते वाळून पांढरे डाग पडतात. पावसाचे साठविलेले पाणी त्याहून चांगले. तापलेल्या पॅनेलावर गार पाणी कधीही टाकू नये, काच तडकते. साबण व घासणी वापरू नये.

धोक्याविषयी घरातील सर्वांस सांगून ठेवावे. ऊन असेपर्यंत पॅनेलांच्या तारांत दीडशे ते तीनशे व्होल्ट दाब असतो आणि घरातील मुख्य बटण बंद केले तरी तो जात नाही. मुलांना छपरावर पतंगासाठी जाऊ देऊ नये, तुटलेल्या तारेस हात लावू नये. अर्थिंगचे स्वतंत्र खड्डे व वीज पडण्यापासून संरक्षणाचा दांडा बसविल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नये.

कागदपत्रे व पैसे

अर्ज योजनेच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर ग्राहक क्रमांकाने करावयाचा असतो. पुरवठादार तेथील नोंदणीकृत यादीतूनच निवडावा. संच उभा राहिल्यावर महावितरणची तपासणी होते, नेट मीटर बसते आणि अनुदान सरळ ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. अनुदान मंजूर करून देण्यासाठी वेगळी रक्कम मागणारा मध्यस्थ लागत नाही. भारतात बनलेल्या घटांच्या पॅनेलांसच अनुदान आहे, तेव्हा स्वस्त म्हणून आलेला परदेशी माल घेतल्यास ते हातचे जाईल. ३ किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी तारणाशिवाय दोन लाखांपर्यंत बँकेचे कर्ज मिळू शकते.

प्रत्यक्षात अर्ज अडतात ते याहून घरगुती कारणाने. बिल अद्याप दिवंगत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावे येत असते व बँक खाते मुलाच्या नावे असते. नावे जुळली नाहीत तर अनुदान अडते. म्हणून प्रथम वीजजोडणीवरील नाव बदलून घ्यावे. घर दोन-तीन भावांचे सामाईक असल्यास छताच्या वापराविषयी सर्वांची लेखी संमती आधीच घ्यावी. पॅनेले पंचवीस वर्षे टिकावयाची आहेत आणि वाटणी त्याआधी होण्याचा संभव असतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील इच्छुकांची यादी करताना मागील बारा महिन्यांची बिले, बिलावरील नाव व छताची मालकी या तीन गोष्टी त्याच भेटीत पाहिल्या तर पुढील दोन महिन्यांचे हेलपाटे वाचतील.

संच सुरू झाल्यावर दर महिन्याच्या एकाच तारखेस इन्व्हर्टरवरील एकूण युनिटांचा आकडा, तसेच नेट मीटरवरील घेतलेल्या व दिलेल्या विजेचे आकडे वहीत लिहून ठेवावेत व बिलाशी ताडून पाहावेत. पाऊस नसताना उत्पन्न एकदम पाचव्या हिश्श्याने घटले तर आधी धूळ व वाढलेल्या फांद्या पाहाव्यात, त्यानंतर पुरवठादारास कळवावे. योजनेखाली पहिली पाच वर्षे देखभाल करणे त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि ती मागताना वहीतील आकडे दाखविता येतात.